पाणी शिंपडूनही न बसलेला फेस

अरे, भिंतीत गारवा टिकवणारा फोम भरायचं काम मी इतकी वर्षं करतोय, पण कवठे महांकाळच्या मावशींसारखं गिऱ्हाईक पुन्हा भेटलं नाही. द्राक्षांसाठी कोल्ड स्टोरेज बांधत होत्या. माझा डबा उघडून म्हणाल्या, "असल्या काकवीनं भिंत भरतीय व्हय? काम दुसऱ्याला देते."

मी मगात ते काकवीसारखं तपकिरी रसायन, आयसोसायनेट, आणि दुसऱ्या डब्यातलं रसायन, पॉलिऑल, एकत्र ढवळलं. फेस वर चढायला लागला, तसं मावशींनी दूध उतू जाताना शिंपडावं तसं तांब्यातलं पाणी शिंपडलं.

फेस आणखीच उसळला.

"मावशी, आयसोसायनेटला पाणी मिळालं की गॅस सुटतो. त्यानंच तर ते फुगतं!"

थोड्या वेळानं मगाबाहेर लोंबणारा फेस त्यांनी बोटानं वाजवून पाहिला. टणक!

"आरं देवा," त्या हळूच म्हणाल्या, "उतू गेलं, पर थेंब सांडला न्हाई की रं!"