गोळीतलं मीठ

...नाही, तुम्हीच सांगा, माझं चुकलं काय? चांगलं सांगायला गेले, हेच चुकलं! तीस वर्षं आमच्या गोव्यातल्या चोपड्याच्या शाळेत पोरांना पाढे शिकवले, एकानंही कधी विचारलं नाही की बाई, बे दुणे चारच का? आणि रिटायर झाल्यावर एका म्हाताऱ्याला एक गोळी समजवायला गेले, तर... पण मला कुणी सांगितलं होतं?

म्हातारा म्हणजे आमचे शेजारी, बाबलीकाका. वय शहात्तर. नदीवर पूल नव्हता तेव्हा फेरीबोटीवर होते. पूल झाला, फेरी गेली, काकांचा आवाज तेवढा राहिला... घरात चहा मागितला तरी पलीकडे शिवोलीत कुणीतरी आधण ठेवतं! घरात ते आणि पार्वतीकाकी, दोघंच, आणि दोघांनाही ब्लडप्रेशर.

एक दिवस सकाळी पोदेराकडचे गरम उंडे, आमचे गोल पाव हो, द्यायला गेले, तर काय बघते? काका सोप्यावर, हातात अडकित्ता, आणि अडकित्त्यात सुपारी? छे! ब्लडप्रेशरची गोळी! कच्च... एक तुकडा काकांच्या तोंडात, एक काकीच्या तळहातावर, प्रसाद वाटावा तसा!

"काका, हे काय?"

"गोळी म्हाग झाली गो बाये. एका पाकिटात दोगांचा भागयतंव."

"आणि काकी, तुमची वेगळी चिठ्ठी होती ना?"

"आसा मगो! देवाच्या फोटोफाटल्यान जपान ठेयलंय."

दोन महिने! डॉक्टरची चिठ्ठी देवाला, आणि दोघांच्या पोटात निम्मी निम्मी गोळी! काकी उठताना भिंत धरायची, म्हणायची, "वयान जाता." आता हे बघून गप्प घरी यायचं की नाही? उंडे ठेवायचे आणि निघायचं! पण मास्तरीण ना मी... मला कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी गेले, तुम्हाला सांगते, चक्क तक्ता घेऊन! एका बाजूला औषधाच्या दुकानाचं ज्येष्ठांसाठीचं सवलत कार्ड, दुसऱ्या बाजूला म्हापशाचं जेनेरिकचं दुकान. म्हटलं, "काका, कार्डावर शंभरामागे दहा सुटतात. जेनेरिक घेतलीत तर साठसुद्धा सुटतील."

काकांनी तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे औषद चाळीसच?"

"नाही हो, औषध पुरं शंभर!"

"मगे साठ खंयसून काडले? कोणाच्या बापाशीचे?"

तासभर! तासभर मी कंपनी, जाहिरात, नाव, खोका... काका मान हलवतायत, मला वाटतंय पटतंय, आणि शेवटी विचारतात काय, "पण ते गोळयेचो रंग गुलाबी आसा मां?" मग माझ्या तोंडून तो शब्द गेला. दुकानदार बोलला होता, मी आपली पोपटासारखी बोलले, "काका, रंगाला काय करायचंय? आतलं सॉल्ट तेच असतं!"

मला वाटलं, जिंकले!

"सॉल्ट म्हणजे मीठ मां?"

"हो, पण इथे त्याचा अर्थ..."

अर्थ ऐकतो कोण? फेरीचा भोंगाच वाजला! "पार्वती, आयकलंस? डॉक्टरान मीठ बंद केल्यान, आणि हे गोळयेत मीठ घालतत!"

झालं! होती ती अर्धी गोळीही बंद! आणि काकांच्या आवाजानं बातमी संध्याकाळपर्यंत वाड्यावर. देवळाच्या पायरीवर सगुणभाऊंनी, तेही ब्लडप्रेशरवालेच, मला अडवलं, "बाई, बरां केलास सांगितलास ता, मियां पण बंद केलंय!" अहो, मी? मी सांगितलं? मी ओरडून ओरडून सांगत होते ते कुणी ऐकलं नाही, आणि जे बोललेच नाही ते सगळ्यांना पाठ!

चौथ्या दिवशी काकी परसात कपडे वाळत घालता घालता पडली.

रिक्षा, आरोग्य केंद्र, धावपळ... प्रेशर दोनशेच्या वर. डॉक्टरीणबाई पोरसवदा, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. विचारते, "गोळ्या कुणी बंद केल्या?" काकांनी बोट केलं. कुणाकडे? माझ्याकडे! आणि ती मुलगी अशी बघायला लागली ना माझ्याकडे, मी तीस वर्षं गृहपाठ न केलेल्या पोरांकडे बघायचे अगदी तशी! मला कुणी सांगितलं होतं हो?

पण बाहेर आले, तर काका बाकावर बसलेले. काहीतरी पुटपुटत होते. जन्मात पहिल्यांदा मला काकांचं बोलणं ऐकायला वाकावं लागलं.

"अडकित्त्यान सारके दोन तुकडे होनत नाय गो बाये," काका म्हणत होते. "मोठो तुकडो मियां तिकाच दी होतंय... तरी पडली."

बसले शेजारी.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी काकी उशीला टेकून बसली, पेज जेवली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना वेगळ्या चिठ्ठ्या दिल्या, त्यावर कंपनीचं नाव नाही, नुसतं औषधाचं. काकीनं मला विचारलं, "ह्यां काय गो?" मी आधी दाराकडे बघितलं, पळायला वाट आहे ना! मग हळूच म्हटलं, "काकी, कंपनीनं ठेवलेलं नाव वेगळं, पण आतलं औषध तेच." सॉल्ट हा शब्द? मेले तरी नाही!

काकी काकांकडे वळून म्हणाली, "माज्या म्हायारात माका वत्सला म्हणत. लग्नात तुमी पार्वती केलास. म्हणान बायल बदलली?"

"नाय."

"माज्या बापायन हुंडो दिवक नाय. फुकटात इलंय म्हणान कमी पडलंय?"

"...नाय गो."

"मगे? गोळयेचा तसाच."

संपलं! माझा तक्ता, माझा तास, माझी तीस वर्षांची नोकरी... दोन प्रश्नांत निकाल! काका स्वतः म्हापशाला जाऊन दोन पाकिटं घेऊन आले. गोळ्या गुलाबी नव्हत्या, तरी!

आता दोघं रोज एकेक आख्खी गोळी घेतात, काकी भिंत न धरता उठते. चांगलंच आहे! मी काय वाईट म्हणते? सगुणभाऊंनी गोळी पुन्हा सुरू केली, का, तर काकीनं सांगितलं म्हणून. गेल्या महिन्यात पंचायतीच्या सभागृहात ज्येष्ठांचा कार्यक्रम झाला. फळ्यावर लिहिलेलं, 'स्वस्त औषधं, मार्गदर्शन: श्रीमती पार्वतीकाकी.' 'श्रीमती'सुद्धा चुकीचं, काका समोर बसलेत जिवंत! आणि खाली बारीक अक्षरात, 'चहापाणी: सुमंगलाबाई.' दिला मी चहा. ऐंशी कप!

आणि परवाचं ऐका. आमच्या ह्यांना साखरेची गोळी. मी पान वाढलं, म्हटलं, "अहो, ही जेवायच्या आधी घ्यायची." हे उठले, चपला घातल्या, म्हणाले, "थांब, जरा काकीला विचारून येतो."

मी काय करणार? पान झाकून ठेवलं आणि दारातून हाक मारली, "जाताच आहात तर माझ्या गुडघ्याच्या गोळीचंही विचारून या!"