काठावरचा दिवस

(समुद्रकाठचं आलिशान रिसॉर्ट. पोहण्याच्या तलावाच्या काठावर तीन आरामखुर्च्या. त्यांवर आई, बाबा आणि मी. दुपार कलायला लागलीय.)

मी : बाबा, तुम्ही नेहमी कोरडे का असता?

बाबा : काय?

मी : मैत्रिणींनी पैज लावलीय, हे तुम्हाला विचारायचंच म्हणून. पंधरा वर्षं इथे जीवरक्षक आहात, घरात तुमचे ढीगभर फोटो आहेत, आणि एकाही फोटोत केस ओले नाहीत! गळ्यात शिट्टी आणि टीशर्टला कडक इस्त्री.

आई : इस्त्री मी करते, तेही सांग त्यांना.

बाबा : अगं, आमचं काम बघायचं असतं, पोहायचं नसतं. ए बाळा, पळू नकोस! फरशी ओली आहे!

आई : अहो, आज तुमची सुट्टी आहे. तो बसलाय ना उंच खुर्चीवर, लाल टोपीवाला? त्याला ओरडू दे.

बाबा : तो मोबाइल बघतोय.

मी : विषय बदलू नका. चला ना, उतरूया! सकाळी म्हणालात पाणी गार आहे. मग म्हणालात ऊन फार आहे. मग जेवलो, तर म्हणे भरल्या पोटी नको. जेवून दोन तास झाले, बाबा.

बाबा : थोडं थांब. सरबत मागवू का तुला? आज हवं तेवढं मिळतं.

मी : मला सरबत नको. मला पाणी हवंय. हे, निळं! सोळा वर्षांची झाले मी, जीवरक्षकाची मुलगी, आणि मला साधं तरंगता येत नाही. अख्ख्या वर्गाला सांगून आलेय, आज बाबा शिकवणार म्हणून. तुम्ही शब्द दिलात.

आई : तिचा पोहण्याचा पोशाख खांद्यात आत घेतला मी. ते कापड मशीनवर नुसतं सरकतं, तीनदा उसवलं. सकाळपासून तो घालून, वरून ड्रेस चढवून बसलीय पोरगी. उठा की आता.

बाबा : बघू.

आई : काय बघू? अहो, इकडे बघा. सतरा वर्षं संसार केलाय मी. तुम्ही कान खाजवायला लागलात की काहीतरी दडवलेलं असतं.

बाबा : हे बघ... मनगटावरचा हा पट्टा आहे ना...

मी : हिरवा. मस्त आहे. बाकी सगळ्यांचे निळे, आपलेच खास, असं वाटलं मला.

बाबा : निळा पाहुण्यांचा. हिरवा म्हणजे... इथल्या कामगारांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. जेवण, बाग, खुर्च्या, सगळं चालतं. फक्त पाण्यात उतरायचं नाही.

मी : म्हणजे?

बाबा : तसा नियम आहे.

मी : कुणाचा?

बाबा : मॅनेजरसाहेबांचा. पाहुण्यांना आवडत नाही म्हणे.

मी : काय आवडत नाही? आपला रंग जातो का पाण्यात?

बाबा : हळू बोल.

मी : नाही बोलणार हळू! हे तुम्हाला कधी कळलं?

बाबा : गेल्या आठवड्यात. एका कागदावर सही घेतली. तिघांच्या वतीनं.

आई : तिघांच्या? मला न विचारता?

बाबा : सही केली नसती तर आतच सोडलं नसतं. तुम्हाला एकदा तरी हे दाखवावं असं वाटलं. वाटलं, इथली मजा बघून ही पाण्याचं विसरेल.

आई : तान्ही आहे का ती, खुळखुळा वाजवला की विसरायला? आणि थांबा. हा दिवस आपल्याला बक्षीस मिळालाय ना? कशाचं बक्षीस?

बाबा : जाऊ दे.

आई : कसं जाऊ दे? याच तलावात बुडणाऱ्या पोराला बाहेर काढलंत म्हणून. बुटांसकट उडी मारलीत. गुडघा फुटला, महिनाभर लंगडत होतात, शेक मी दिला. तेव्हा बरा कुणी पट्टा तपासला नाही!

बाबा : तेव्हा मी कामावर होतो.

मी : म्हणजे कुणी बुडायला लागलं तरच आपल्याला पाणी चालतं!

बाबा : तसं नाही गं...

मी : तसंच आहे!

आई : ती पिवळ्या टोपीतली चिमुरडी कोण? केव्हाची तुम्हाला हात करतेय.

बाबा : ती होय? पाहुण्यांची मुलगी. चार दिवस झाले त्यांना येऊन. सकाळी आठला असते माझ्याकडे.

मी : तुमच्याकडे? कशाला?

आई : परत कान खाजवताय तुम्ही.

मी : पोहायला शिकवता तिला?

बाबा : पाहुण्यांनी सांगितलं की शिकवावं लागतं. कामातच येतं ते.

आई : चार दिवसांत शिकली?

मी : बघ ना, आई, कशी चाललीय! पाय सरळ, मान वळवून श्वास घेतेय, घाबरत नाहीये अजिबात. किती छान शिकवता तुम्ही, बाबा! वाईट शिकवलं असतंत ना, तर मला एवढा राग आला नसता.

बाबा : मग मला काय गंमत वाटते? रोज कुणाच्या तरी पोराच्या पोटाखाली हात धरतो, सोड अंग, मी आहे म्हणतो, आणि डोळ्यांपुढे तू असतेस! तू सहाची होतीस तेव्हा म्हणालो, पुढच्या वर्षी. मग दरवर्षी पुढच्या वर्षी. मला सुट्टी बुधवारी, तेव्हा तुझी शाळा. परवा म्हटलं, साहेबांना सांगावं, पोरीसाठी एकदाच उतरू द्या. केबिनच्या दारापर्यंत गेलो. तोंडच उघडलं नाही.

आई : आमच्यावर बरं उघडतं.

बाबा : हो, उघडतं! तुमच्यावर नाही तर कुणावर उघडू?

आई : वा! चप्पल घाला. मला नको ही खुर्ची, हे मऊ टॉवेल आणि ते सरबत. घरी शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर बसते मी, पण तिथून मला कुणी ऊठ म्हणत नाही.

मी : थांब आई. मीच जाते त्या मॅनेजरकडे. मला तोंड आहे.

बाबा : नको! हात जोडतो. तू बोलून निघून जाशील, उद्या सकाळी मला इथेच यायचंय.

आई : बघ बाई, काय ते तूच ठरव. माझं तर डोकं तापलंय.

मी : ठरवलं. ऐका दोघंही. मी त्याच्याकडे जात नाही. इथे पाण्यात पण उतरत नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावलंत तरी येणार नाही. रविवारपासून मी बसथांब्यामागच्या सार्वजनिक तलावावर जाणार. सकाळी सातला.

बाबा : रविवारी इथे सगळ्यात जास्त गर्दी असते. मला सुट्टी मिळणार नाही, माहितीय तुला.

मी : माहितीय. मी विचारत नाहीये, बाबा, सांगतेय. तुम्ही आलात तर तुमच्याकडून शिकेन. नाही आलात, तर उथळ बाजूचा कठडा धरून एकटीच पाय मारत बसेन.