दोन टनाचाच हवा

—नाय, नाय, दीड टनाचे दाखवूच नका दादा, दोन टनाचाच हवा म्हणून सांगितलं ना मी? कोणाच्या घरी म्हणजे? आमच्याच घरी लावायचाय, आपटा गावात. नदीचा वारा येतो म्हणून काय झालं—वारा काय आमाला विचारून येतो? तुमी आपलं मशीन दाखवा. खोली किती बाय किती, मजला कितवा, खिडकी कुठल्या बाजूला, माणसं किती झोपतात—एसी घ्यायला आलीय मी, पोरगी दाखवायला नाय! तिथंसुद्धा एवढं विचारलं नाय त्यांनी. पोहे खाल्ले, चहा घेतला, ‘मुलगी आम्हाला पसंत आहे’ म्हणाले नि उठले.

कोण म्हणजे? आमचे व्याही. होणारे. बरं, आता तोंडातून निघालंच तर सांगते—खारघरला लावायचाय, माझ्या मनस्वीच्या सासरी. पण मागितला नाय हं त्यांनी! असं तोंड करू नका. नारळ आणि मुलगी द्या म्हणाले, बाकी काय नको. फक्त परवा विहीणबाईंचा फोन आला—शुद्ध बोलतात त्या, अगदी सावकाश—‘शोभाताई, आमचा वरचा मजला आहे हो, स्लॅब तापतो, मनस्वीला उकाडा सहन व्हायचा नाही. तिच्याच खोलीत लागेल, आम्हाला काय, आम्ही पंख्याखाली जन्म काढला. बघा बाई तुमची हौस.’ आणि फोन ठेवता ठेवता, ‘दोन टनाचाच बघा.’ आता याला मागणं म्हणतात का? नाय ना? मंग.

खोली बघितलीय ना मी. घर बघायला गेलो होतो आमी बायका-बायका. खोली म्हणजे काय, डबल बेड ठेवला नि कपाट ठेवलं, की कपाटाचं दार उघडायला बेडवर चढायचं. माझी जाऊ तिथंच कानात म्हणाली, बाय, इथं नवऱ्यावर रुसून बसायला कोपरा नाय. दहा बाय नऊ धरा. खिडकी एक, पश्चिमेची, ऊन येतं. माणसं दोन. करा आता तुमचा हिशोब—एक? वरचा मजला, दुपारचं ऊन, सगळं धरून एक टन? फार तर सव्वा? अहो, मोठा घेतला तर खोली लवकर थंड होईल ना! काय म्हणता, मशीन लगेच आपोआप बंद होईल नि हवा दमटच राहील? मंग हे विहीणबाईंना कळत नाय का? नवरामुलगा, तो निकेश, चांगला शिकलेला हाय, त्याला कळत नाय? नाय, नाय, मी चुकीचं ऐकलं नाय. दोनच म्हणाल्या त्या.

सगळं माझ्याच गळ्यात आलंय बघा. आमचे हे म्हणतात, देऊन टाक, हळद तोंडावर आलीय, मांडव ठरलाय, नाचायला बेंजो ठरलाय, एका एसीवरून कशाला तोंड वाजवायचं. ह्यांना काय होतं बोलायला! आणि पोरीला कळूच द्यायचं नाय. मनस्वी साखरपुड्याच्या आधीच बोलली होती मला—आई, त्यांनी सुई जरी मागितली तरी मला सांगायचं, मी त्याच दिवशी नाय म्हणणार. परवा फोन झाल्यावर विचारलंच तिनं, काय म्हणत होत्या गं? मी म्हटलं, हळदीला किती माणसं येणार ते विचारत होत्या. खोटं बोलले पोरीशी. मंग काय करू? आमच्याकडं वरच्या खोलीत पत्र्याखाली झोपते ती, उन्हाळाभर ओली चादर अंगावर घेऊन. एसीचं नाव काढलं की हे म्हणायचे, पोरगी काय जन्मभर इथं राह्यची हाय? म्हटलं, निदान तिथं तरी गारव्यात झोपेल. म्हणून आले हो, नायतर मला काय हौस आलीय?

आता आणखी काय? लाईटचा पॉइंट? त्याची काळजी नको, पॉइंट तयार हाय. जाड वायर, मोठा स्विच, वर छताजवळ. पाइपासाठी भिंतीला भोकसुद्धा पाडलंय, त्यात पेपरचा बोळा कोंबलाय. मी विचारलं होतं तेव्हा, हे कसलं हो? तर विहीणबाई म्हणाल्या, असंच. खोलीत? नाय, खोलीत कुठला, भिंत कुठाय तिथं मोकळी—हॉलमध्ये. सोफ्याच्या वर, टीव्हीच्या समोर—

हॉलमध्ये.

थांबा जरा. हॉल मोठा हाय त्यांचा, वीस बाय पंधरा तरी असेल. एवढ्या हॉलला किती लागतो? ... दोन. बरोबर दोन. नका सांगू पुढं, कळलं मला. अहो पण, आमी घर बघायला गेलो तेव्हा साखरपुडासुद्धा झाला नव्हता! फोन परवा आलाय, नि भोक आधीच पाडून ठेवलंय! म्हणे तिच्याच खोलीत लागेल, म्हणे पंख्याखाली जन्म काढला—माझ्या पोरीच्या उकाड्याचं नाव पुढं करून सोफ्यावर बसून गारवा खाणार हे लोक, नि ती आत त्या कपाटाला टेकून घामानं भिजणार. नि मी, मी मघापासून तुमच्यावर तोंड टाकतेय. अंगाची नुसती आग झालीय माझ्या. एक एसी बघा कसा मागतात, नि वर बाकी काय नको म्हणून सांगतात! मागितलाच ना? मागितलाच.

नाय, बसत नाय मी. पाणी पण नको. तो दोन टनाचा नको आता. बेंजोवाल्याला काय सांगायचं ते आमचे हे बघतील. पोरीला मी सांगते, आज, तोंडावर सांगते. तिनं आधीच काय ते सांगून ठेवलंय.

तुमी लिहा. आपटा, नदीकडची आळी, शोभा म्हणून विचारा, कोण पण सांगेल. वरची खोली, दहा बाय अकरा, खिडकी पूर्वेची, डोक्यावर पत्रा. पत्र्याखाली किती लागतो? दीड? मंग दीडचाच द्या. पॉइंट नाय काढलेला. आमी कुठं काढला होता! घेते उद्या काढून.

माणसं? एक. माझ्याकडं काय बघताय दादा—एक लिहा.