आबाजीचा अंगठा

ऐका. शेकोटीजवळ सरका, अन् मधे कुणी बोलू नका.

हा दौलू गुरव दिवस मावळल्यावर गावातून निघाला, तालुक्याला. खिशात आबाजी नलवड्याचं मृत्युपत्र. सगळा मळा अन् घर पुतण्याला, शिदूला. पोटच्या लेकीला, तानूबाईला, काही नाही. विधवा बाई, सात वर्षं अंथरुणावरच्या बापाचं हगणं-मुतणं काढलं तिनं. अन् उद्या कचेरीत दौलूनं सांगायचं, की आबाजीनं माझ्यासमोर अंगठा दिला.

दिला कसला? आबाजीचा जीव गेला. तानू बाहेर अंघोळीचं पाणी तापवत होती. तेवढ्यात शिदूनं मेलेल्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. अंगठ्यावर विळ्याचा आडवा व्रण होता, तोसुद्धा उठला. कागद लिहिणारा दौलूच, साक्षीदारही दौलूच. गावात चांगलं अक्षर त्याचं एकट्याचं. माती केली त्यानं अक्षराची.

तर ओढ्याची वाट धरली त्यानं. जवळची, पण मसणवटीवरून जाणारी. मागून कुणीतरी चालतंय. दौलू थांबला, पावलं थांबली. चालला, चालली.

"दौल्या, तंबाखू हाय का?"

एक म्हातारा. घोंगडीच्या खोळीत तोंड दिसेना. दौलूनं चंची पुढं केली.

"तूच मळ बाबा. माझा अंगठा भरलाय."

कशानं भरलाय, ते दौलूनं विचारलं नाही. मळली, तळहात पुढं केला. म्हाताऱ्यानं चिमूट उचलली, अन् बघा, तळहातावर काळा ओला डाग उरला.

दौलू पळत सुटला. पळतोय, पळतोय. चांदण्यात धोंड्यावर काळा अंगठा. बाभळीवर अंगठा. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पुढून, मागून अंगठेच अंगठे.

ओढ्यात पाय घातला, तर म्हातारा आधीच पाण्यात उभा. त्यानं दौलूचं मनगट धरलं, अंगठ्यावर अंगठा दाबला.

"कागदात तानूचं नाव कुठं हाय? वाच."

नाव असेल तर वाचेल ना. पाणी गुडघ्याला आलं.

"वाच."

पाणी कमरेला.

"वाच, दौल्या."

पाणी गळ्याला. तेव्हा दौलू रडत म्हणाला, "न्हाई आबा. मी लिवलंच न्हाई तिचं नाव. तू मेल्यावर घेतला तुझा अंगठा." अन् मोकळ्या हातानं खिशातला कागद काढून त्यानं दातानं फाडला. मनगट सुटलं.

पहाटे ओलाचिंब तानूच्या दारात. सगळं सांगितलं तिला, मग पंचांना. मळा तानूकडं राहिला. पण तानूनं आधी काय विचारलं माहितीय?

"दौलूदादा, आबानं काही खाल्लं का?"

"तंबाखू," दौलू म्हणाला. तेव्हा कुठं रडली ती.

दौलूच्या त्या हातानं पुन्हा लेखणी धरली नाही. पुढं स्वतःचं घर पोराच्या नावावर करायला गेला. सही जमेना, म्हणून अंगठा दिला. कागदावर विळ्याचा आडवा व्रण उठला. दौलूला उभ्या जन्मात विळा लागलेला नव्हता.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर ओढ्याच्या वाटेनं जायचं नाही. गेलातच, अन् कुणी तंबाखू मागितली, तर आपल्या खिशात काय आहे ते आधी आठवा.