दुपट्ट्याखालचा सौदा

नाही नाही, चहा ठेवा तिथंच, हात मोकळा नाही माहा... डाव्या हातानं? अन् सांडला हिच्यावर त? हळू हसजा जरा, पोट्टी झोपली हाय मांडीवर. अन् मले बोलाची मनाई हाय, सकाळीच दाढ काढली, कापूस आत्ताच थुकला, पण तुमी इचारलंच, की शेखर, हातावर दुपट्टा टाकून काहून बसला, त सांगाच लागते!

तुमाले सांगतो, माहा कोणावरच भरोसा नाही. संत्र्याच्या दलालाच्या घरी जन्मलो ना मी. आमच्या बुढ्याचा, म्हणजे पंजाबरावाचा, सारा जनम मंडीत गेला. मंडीतला जुना सौदा पाह्यला ना तुमी? दोघं जण दुपट्ट्याखाली हात घालत, बोटं दाबत, तोंडातून चकार शब्द नाही, अन् बाजूच्याले पत्ता नाही भाव काय ठरला. हत्ता म्हणत त्याले. मंडीत बंद झाला, आमच्या घरी नाही झाला. दुसऱ्याचा बाप लेकराले गोष्ट सांगे, आमचा बोट दाबे!

आता हे पोट्टी. पिम नाव तिचं. माही बायको वर्षाली थायलंडच्या शाळेत गणित शिकवे, मी गेलो तिच्या मागं मागं. गावात लोक म्हणत, शेखर बायकोच्या पदराले धरून इमानात बसला. बसलो! कितीक वर्षं राहिलो, आपलं लेकरू झालं नाही, तिथलीच हे अडीच वर्षांची पोरगी कायद्यानं दत्तक घेतली, अन् यंदा अमरावतीले परत आलो. त हे काय करते, कोणी दिसलं की तिकडच्या रीतीनं दोन हात जोडून वाकते. भाजीवालीले वाकते, गॅसच्या टाकीवाल्याले वाकते, समोरच्याच्या बकरीले वाकते. मले नाही! अन् बोलणं? काहीच नाही. आपलं नाही, तिच्या देशाचंही नाही.

पण मले शक होता. हिले सारं समजते. एक दिवस मी सहज म्हणलं, कपाटात बिस्कीट हाय. तिनं कपाटाकडे पाह्यलंसुद्धा नाही. मी आंघोळ करून येतो त बिस्कीट गायब! आता मले सांगा, हे लक्षण साधं हाय का?

डॉक्टरीणबाई म्हणे, लेकराशी बोलत राहा. मी बोललो. उठल्यापासून बोललो. पिमी, हे मिरची, पिमी, हा माहा बूट, पिमी, हे बडनेरा, इथं गाडी थांबते, पिमी, ह्या काकाची नियत बरी नाही... वर्षाली म्हणे, “अहो, जरा दम घ्या, तिचा नंबर कवा येईन?” पण हिचं तोंड बंद ते बंद.

अन् इकडं बुढा! बाजेवर बसते, दुपट्टा हातावर, पोट्टी बाजूले, दोघंही चूप. जरा वेळानं बुढा उठते अन् संत्र सोलून देते. पुन्हा दुपट्टा. बुढा उठते अन् गाडीवर चक्कर मारून आणते. अबे, दुपट्ट्याखाली काय चालते, मले सांगा! बुढा म्हणते, “हत्त्यातलं बाहेर सांगत नसतात.” अन् मी बाजूले बसून दोन शब्द बोललो की दुपट्टा हालते, अन् बुढा म्हणते, “शेखर, जरा चूप बस.” दर वेळी! एकदा मी चमचा पाडला, उचलाच्या निमित्तानं वाकून पाह्यलं. पोट्टीनं बुढ्याचा आंगठा दाबला होता. म्हणजे मले चूप बसवाचा हुकूम माह्याच पोरीचा, अन् बुढा नुस्ता शिपाई!

तुमी हसून राहिले, मले रडू येत होतं. इमानात हेच पोट्टी माह्या छातीवर रडत रडत झोपली होती हो. अन् आता आज्याशी सौदे करते, अन् मले घरचा भाडेकरू समजते. मी सही केली, कोर्टात उभा राहिलो, पण तिनं कुठं मले पसंत केलं? किडकं संत्र बाजूले टाकतात, तसं तिनं मले टाकलं असं वाटे.

म्हणलं, आपणही सौदा करू. नवा कोरा दुपट्टा आणला, बसलो समोर. ये पिमी, घाल हात, हे बोट म्हणजे संत्र, हे म्हणजे चक्कर, घाबरू नको, मी काही बुढ्यासारखा कंजूस नाही, अन् बरं का पिमी, हत्त्यात बोलत नसतात, आजोबानं सांगितलं का तुले... तिनं माह्याकडे पाह्यलं. दुपट्टा उचलला, गोळा केला, अन् बुढ्याले नेऊन दिला. बुढा म्हणे, “अबे, हत्त्यात तोंड बंद ठेवा लागते. तू बसाच्या आधीच भाव फोडतो.”

अन् आज ही दाढ. दवाखान्यातून आलो, तोंडात कापूस, गाल फुगलेला, बाजेवर पडलो. घरात इतली शांतता, की वर्षाली दोनदा येऊन पाहून गेली, जिता हाय का म्हणून. अन् दारात हे उभी. पाह्यते माह्याकडे. मीही पाह्यतो, म्हणलं आता काय डाव हाय हिचा? गेली, अन् बुढ्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून आणला. जुना, मळका. माह्या हातावर टाकला अन् आत हात घातला.

एक बोट दाबलं. मग दुसरं. मग पाचही बोटं धराले गेली, एका मुठीत माईनात, त दोन्ही हातांनी धरली. मंडीत पाच बोटं धरली म्हणजे काय, ठाऊक हाय ना? सौदा पक्का! मी बुढ्याकडे पाह्यलं. त बुढा डोळे पुसाले दुपट्टा चाचपून राहिला, अन् दुपट्टा इकडं!

तवापासून हात सोडला नाही हो तिनं. तशीच झोपली. अन् मले इचारताही आलं नाही, की बाई, भाव काय, अटी काय, माल परत त नाही ना करत... कापूस होता तोंडात! तरी मले शक हाय. इतल्या महिन्यांचं अडलेलं एका दाढेवर कसं सुटन? उद्या गाल उतरला अन् मी पुन्हा बोलू लागलो, त मग...

थांबा. हालली. झोपलीच नव्हती, मले शक होताच!

काय म्हणता? दुपट्ट्याखाली काय चालते? आता तुमी इचारता? काही नाही... आंगठा दाबला तिनं.

बसतो बाप्पा, चूप.