चॅम्प कोण?

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "कमलाकांत, एवढं घाबरायला काय झालं?" घाबरायला काय झालं? अहो, तुमच्या घरात, तुमच्या लेकीच्या पलंगावर, आयर्लंडहून आलेली सव्वीस वर्षांची मुलगी चार-चार दिवस अन्नाला शिवली नसती ना, मग मी तुम्हाला विचारलं असतं, काय झालं म्हणून! परक्याची पोर आपल्या घरात... काही कमी-जास्त झालं म्हणजे?

तुम्हाला सांगतो, मी मुळातच भित्रा. कबूल! पण माझा काय दोष? छत्तीस वर्षं विमा कंपनीत काढली, आणि तीही क्लेम खात्यात. माणसं कशाकशाने जातात हे मी फायलींत वाचलंय हो. न्हाणीघरात पाय घसरून, घशात बोराची बी अडकून... एक गृहस्थ तर आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते आणि ती खुर्चीच अशी मिटली की... जाऊ दे. सांगायचं काय, तर मला साधी शिंक ऐकू आली तरी पुढची फाइल दिसायला लागते.

आमची बायको, शकू, नेमकी उलट. हिला भीती म्हणून कशाची नाही. मुलगी, मधुरा, टोरांटोला गेली, तिची खोली रिकामी झाली, तर ही म्हणाली, "एखादी मुलगी ठेवू या हो, घरात जरा आवाज राहील." मी म्हटलं, आवाजच हवा तर रेडिओ लाव! पण माझं ऐकतंय कोण? आणि आली ती ही. लोअर परळला जुन्या गिरण्यांच्या इमारतींची मोजमापं घेणारं एक ऑफिस आहे, तिथे नोकरीला. नाव तरी सरळ असावं? कागदावर एन-आय-ए-एम-एच. भाडेकरूचा पोलिसांचा फॉर्म भरताना मी म्हटलं, "वेलकम, मिस नियाम्ह." ती हसली. म्हणाली, "अंकल, नीव." नीव! मग बाकीची अक्षरं काय शोभेला?

पण पोर गुणी हं. दोन महिने काय वाटेल ते खाल्लं तिने. तळलेले बोंबील काट्यासकट, तिसऱ्यांचं कालवण, कोबीचं भानोलं तर असं, की मला तुकडा उरला नाही. शकू खूश. मी आपला प्रत्येक घासाला मनात म्हणतोय, काटा अडकेल, काटा अडकेल... काटा नाही अडकला. डास चावला! सप्टेंबरात डेंग्यू. पाच दिवस हॉस्पिटलात. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या प्लेटलेट्सचे आकडे वहीत उतरवून घेत होतो, आणि नर्स मला विचारत होती, "काका, तुम्ही बरे आहात ना? तुमचाही बीपी बघू का?"

घरी आणली. ताप गेला, आकडे वर आले, सगळं छान... आणि पोर जेवेचना! शकूने पेज केली. एक चमचा. मुगाचं कढण केलं. अर्धा चमचा. मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप, अहो मेलेला माणूस उठून बसेल असा वास! तिने ताट हळूच बाजूला सारलं आणि म्हणाली, "सॉरी, शकू आंटी." बरं, तुला काय हवं ते सांग बाई, असं विचारलं की उत्तर काय? "आय ॲम ग्रँड, अंकल." ग्रँड! चेहरा खडूसारखा पांढरा, डोळे खोल गेलेले, मनगट माझ्या दोन बोटांत मावतंय, आणि ही ग्रँड! नंतर कळलं, त्यांच्याकडे 'मी बरी आहे' याला ग्रँड म्हणतात. म्हणजे मरतानाही म्हणणार!

आमचा डॉक्टर वैभव. मी त्याला चड्डीत पाहिलाय, पण आता मोठा डॉक्टर आहे. तो आला, तपासलं, आणि मला बाहेर बोलावून म्हणाला, "काका, माझं काम संपलं. आता पोटात जायला हवं. परवापर्यंत नाही खाल्लं तर परत ॲडमिट करावं लागेल, सलाइन लावावं लागेल." परक्याची पोर आपल्या घरात, आणि अन्नावाचून परत हॉस्पिटलात? पोलिसांचा फॉर्म डोळ्यांपुढे आला. वकिलातीची गाडी आमच्या फाटकाशी उभी दिसली. पेपरात बातमी दिसली... 'शिवाजी पार्कात आयरिश तरुणी उपाशी, वृद्ध दांपत्याची चौकशी.' वृद्ध! मी अजून सत्तरचा नाही!

वरच्या मजल्यावर शामराव राहतात. त्यांचा मुलगा एक वर्ष लंडनला शिकला, तेव्हापासून गोऱ्या माणसांविषयी काहीही विचारायचं तर शामरावांना. ते म्हणाले, "अहो विजयकर, तिला तिचं अन्न द्या! आजारी इंग्रज माणूस सूप पितो." मी म्हटलं, ती इंग्रज नाही, आयरिश. तर म्हणाले, "तेच ते." मी मनात म्हटलं, हे तिच्यासमोर म्हणाला असतात तर तिने पलंगावरून उठून मारलं असतं तुम्हाला!

निघालो सूप आणायला. दादरला एका हॉटेलात मिळालं. डबा उघडला तर आत मक्याचे दाणे, कोथिंबीर आणि हिरवी मिरची! म्हटलं, हे काय? तर गल्ल्यावरचा माणूस म्हणतो, "काका, क्लियर सूप कोणी पीत नाय, आपण थोडा तडका देतो." आजारी माणसाच्या सूपला तडका! तिथून एका कॅफेत. पास्ता मागितला, तर मुलगा विचारतो, "तंदुरी देऊ की शेजवान?" तिसरीकडे पिझ्झा, त्यावर पनीर. अहो, मुंबईत जगातलं सगळं मिळतं म्हणतात ना, मिळतं, पण आधी त्याचा जावई करून घेतात आणि मगच वाढतात!

शेवटी शामराव म्हणाले, "चला लोअर परळ." मिलच्या जागेवर ते मोठं रेस्टॉरंट झालंय ना, बाहेर जुनी चिमणी ठेवलीय शोभेला, तिथे. आत एवढा अंधार की मी शामरावांचा शर्ट धरून चाललो. वेटर आला, स्वप्नील नावाची पट्टी छातीवर. मी त्याला कळवळून म्हटलं, "बाळा, गोऱ्या माणसाच्या घरी आजारपणात देतात असं काहीतरी दे." तो बिचारा आत जाऊन विचारून आला, म्हणाला, "सर, स्मोक्ड पोटॅटो फोम विथ बर्न्ट गार्लिक देतो. कम्फर्ट फूड आहे." फोम म्हणजे फेस! घरी येईपर्यंत फेस बसला, डब्याच्या तळाला एक राखाडी ठिपका उरला. लसणाचा वास मात्र असा, की डबा उघडल्याबरोबर नीवने भिंतीकडे तोंड केलं. आणि तुम्हाला सांगतो, तिचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे. शकू तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली आणि मी दारात, हातात तो फेसाचा डबा... परक्याची पोर आपल्या घरात रडतेय, आणि आपल्याला तिचं काय दुखतंय तेही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ग्लानीत होती. मी पंखा कमी करायला गेलो, तर पुटपुटली, "चॅम्प..." मी कान दिला. परत, "चॅम्प." बाहेर येऊन शकूला विचारलं, "चॅम्प कोण?" ती म्हणाली, "मित्र असेल." शामराव म्हणाले, "छे! कुत्रा. गोरे लोक कुत्र्याला चॅम्प म्हणतात. आजारी माणसाला कुत्र्याची आठवण येणं चांगलं लक्षण नाही हं." झालं! मला पुढची फाइल दिसायला लागली...

साडेचारला मधुराचा फोन आला. तिकडे सकाळचे सात. मी सगळं भडाभडा सांगितलं, सूप, फेस, कुत्रा. मग ती म्हणाली, "बाबा, हॉटेलं बंद करा. तिच्या आईला फोन करा. विचारा, ही लहानपणी आजारी पडली की तू काय करून द्यायचीस."

आईला फोन! अहो, नीवने शपथ घातली होती, "मॅमला सांगू नका, ती काळजी करेल." दहा दिवस त्या बाईला कुणी कळवलेलं नव्हतं! आणि आता मी कोण कुठला कमलाकांत विजयकर, शिवाजी पार्कातनं फोन करून सांगणार, की मॅडम, नमस्कार, तुमच्या मुलीला डेंग्यू झाला, हॉस्पिटल झालं, आता ती जेवत नाही, बाकी सगळं ग्रँड? पण परवापर्यंत म्हणाला होता डॉक्टर, आणि तो 'परवा' म्हणजे उद्याच होता.

पोलिसांच्या फॉर्मची झेरॉक्स काढली कपाटातून. 'तातडीचा संपर्क : ब्रिजेट डॉहर्टी, आई.' मी इस्त्रीचा शर्ट घातला. शकू म्हणाली, "फोनवर शर्ट कोण बघतंय?" म्हटलं, व्हिडिओ आहे, आणि वाईट बातमी बनियनवर सांगू का? लावला फोन. तिकडे एक पांढऱ्या केसांची बाई, मागे स्वयंपाकघर, खिडकीत पाऊस. मी वाक्य पाठ केलं होतं, "मॅडम, देअर इज नथिंग टु वरी." हे ऐकलं आणि ती बाई खुर्चीत बसलीच! बरोबर आहे, मी छत्तीस वर्षं विधवांशी बोलायला याच वाक्याने सुरुवात करत होतो.

मग सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडेल, वकील म्हणेल, वकिलात म्हणेल... काही नाही. मग इतक्या हळू आवाजात विचारलं, "जेवतेय का ती?" मी म्हटलं, नाही. नुसती चॅम्प, चॅम्प म्हणते. मॅडम, चॅम्प कोण आहे?

ती बाई हसायला लागली आणि रडायलाही लागली, दोन्ही एकदम. म्हणाली, "चॅम्प म्हणजे बटाटा!"

बटाटा! अहो, कुस्करलेला बटाटा, दुधात शिजवलेली कांद्याची पात आणि लोणी. बास! मी त्या बटाट्यासाठी अख्खी मुंबई पालथी घातली, आणि बटाटे आमच्या ओट्याखाली टोपलीत पडलेले!

फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. तिकडून ब्रिजेटबाई सांगतायत, इकडे शकू करतेय, मी मध्ये दुभाषा. बटाटे उकडले. दुधात पात घालून उकळी आणली. आणि शकूचा हात आपोआप गेला हिंगाच्या डबीकडे! मी ओरडलो, "शकू, हिंग नाही!" "नाही हो, चिमूटभर, वायू धरतो बटाटा." "नाही!" मग मोहरीकडे. मी मसाल्याचा डबाच छातीशी घेऊन उभा राहिलो. शकू म्हणाली, "अहो, एक मिरची तरी... तिला विचारा." विचारलं. तिकडून "नो!" असा आला, की खिडकीतला कावळा उडाला. मग कुस्करताना शकूने अगदी लोण्यासारखं मऊ केलं, तर ब्रिजेटबाई म्हणतात, "गुठळ्या ठेवा. तिला गुठळ्या लागतात." शेवटी बशीत डोंगर केला, मध्ये खड्डा, खड्ड्यात लोणी. शकू म्हणाली, "अगं बाई, हे तर आळं! आपण भातात आमटीसाठी करतो तसं!" मी ब्रिजेटबाईंना समजावायला गेलो, पण आळ्याला इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, "मॅडम, वुई आल्सो डू होल." समजलं त्यांना.

शकू बशी घेऊन आत गेली. मी दाराआड, हातात फोन धरलेला, फोनमध्ये ब्रिजेटबाई, श्वास रोखून. आम्ही दोघं एका फटीतून बघतोय. नीव उठून बसली. बशीकडे बघितलं. चमच्याने कडेचा बटाटा घेतला, मधल्या लोण्यात बुडवला, तोंडात घातला... आणि थांबली. डोळ्यांतून घळाघळा पाणी! झालं, म्हटलं, गुठळी अडकली! मी धावलोच आत, "पाठीत मार, शकू, पाठीत मार!" तर पोर तोंडात घास घेऊन म्हणतेय, "हे... हे मॅमला कोणी विचारलं?"

बशी चाटून पुसून साफ! परत मागितलं. दुसरी बशी खाताना ती आईशी बोलत होती, त्यांच्या भाषेत, भराभरा, आणि आम्ही दोघं बाहेर ओट्याशी उभे. शकूने पदराने डोळे पुसले. हो, हिने, जिला कशाची भीती नाही तिने! म्हणाली, "मला वाटलं होतं, नाही जमणार." चार दिवस हे तोंडातून काढलं नाही हो तिने.

फोन ठेवायच्या आधी ब्रिजेटबाईंनी मला विचारलं, "मिस्टर विजयकर, फार घाबरला होतात का?" मी म्हटलं, मॅडम, खूप. तर म्हणाल्या, "मीसुद्धा. ती गेली त्या दिवसापासून."

गोष्ट इथेच संपायला हवी होती ना? मधुराला कळवायला फोन केला. म्हटलं, शाब्बास, तुला बरोबर सुचलं! कसं काय सुचलं गं? तर म्हणाली, "बाबा, दोन वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला होता. तुम्ही घाबराल म्हणून नाही सांगितलं." न्यूमोनिया! दोन वर्षांपूर्वी! आणि आम्ही इथे शिवाजी पार्कात फेऱ्या मारत होतो! मी विचारलं, मग खाल्लंस काय? "शेजारच्या बाई व्हिएतनामच्या आहेत. त्यांना सांगितलं आई मऊ भात कसा करते ते. त्यांनी केला. मीठ विसरल्या. पण खाल्ला मी." कोणाची कोण ती बाई... मला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मी खाली बसलो, आणि शकूने माझ्या हातातला फोन घेतला आणि पहिल्यांदाच मधुरावर ओरडली. खूप ओरडली. आणि मग विचारलं, "भात आता कोण करून देतं गं तुला?"

आता नीव ठणठणीत आहे. ऑफिसला जाते, बोंबील खाते, काट्यासकट. पण माझं बघा. सकाळी मधुरा झोपायच्या आत तिला विचारायचं, जेवलीस का. दुपारी ब्रिजेटबाईंचा मेसेज येतो, 'जेवली का?', त्यांना उत्तर द्यायचं. संध्याकाळी नीव ऑफिसातून येईपर्यंत गॅलरीत उभं राहायचं. तुम्हाला सांगतो, परळच्या सगळ्या गिरण्या कधीच्या बंद पडल्या... अख्ख्या गिरणगावात तीन पाळ्यांत चालू आहे, तो एकटा मी!