शनिवारचं मौन

जामसांवलीच्या मारुतीच्या रांगेत देवकाबाई उभ्या होत्या. शनिवारी दर्शन होईस्तोवर त्यांचं मौन असे. पुढे डोळ्यांच्या शिबिरातले दोघे कर्मचारी, हिमानी आणि अतुल.

“अतुलभाऊ, उद्या एक स्वयंसेवक कमी पडून राहिला. म्हाताऱ्याइले हात धरून कोन नेईन?”

“मागच्या खेपेचे कुठी गेले?”

“पळाले! तुमी दिवसभर उभं ठेवलं, चहा बी नाही पाजला.”

“आता ट्रेनिंग झाली ना माही. पयले समोरच्याचं ऐकाचं. काकू, येता का उद्या?”

देवकाबाई गप्पच.

“‘नाही’ तं म्हणून नाही राहिल्या. घे नाव लिहून.”

“अजी, ऐकाचं होतं ना!”

“बोलतीन तं ऐकीन!”

दर्शन झालं, मौन सुटलं. देवकाबाई हळूच म्हणाल्या,

“मागच्या खेपेले सगळ्यात पयले पळाली, ते मीच होय बाबू. उद्या येतो. पन आधी चहा पाज, मंग नाव लिव.”